छाट

तात्यांनी बिडी किती वेळा सोडली याचा हिशेब तात्यांकडे नव्हता. तो काकूंकडे होता. पौषातल्या थंडीत त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत एकदा. वणीच्या गडावर एकदा, तेही निम्म्या पायऱ्यांत छाती भरून आली म्हणून. थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून एकदा. ३१ डिसेंबरला तर दरसाल. रामकुंडात कंबरभर पाण्यात उभं राहून घेतलेल्या शपथेचं काय झालं, असं कुणी विचारलं की काकू म्हणत, "ती गोदावरीला वाहिली. पाणी नांदूरमधमेश्वरला पोचायच्या आत यांची बिडी पेटली."

तात्या नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. लेथवर काम करताना केसाएवढा फरकही बोटांना कळायचा. माणूस शब्दाचा पक्का; उसने पैसे तारखेच्या आधी परत करणारा. फक्त या एका बाबतीत शब्द टिकत नसे, आणि शब्दाला जपणाऱ्या माणसाला ते फार लागतं. शपथ मोडली की तात्या आधी गप्प होत, मग चोरून ओढू लागत. सिडकोतल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. खाली येताना तोंडात बडीशेप, हाताला साबण. घरातल्या सगळ्यांना वास यायचा आणि सगळे तो येत नसल्यासारखे वागायचे. चोरून ओढलेल्या बिड्यांची मोजदाद राहत नाही. त्यामुळे दर शपथेनंतर बिड्या दोन-चारांनी वाढलेल्याच असत.

मधे एकदा त्यांनी बिडी खरोखर सोडली होती. पण तळहातावर तंबाखू-चुना मळायला घेतला होता. धूर बंद झाला म्हणून घरात आनंद झाला, तो दाढेखाली फोड येईपर्यंत टिकला. हा मार्ग आपल्याकडे फार वापरात आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारही नव्हते, आणि बिनधुराची तंबाखू खाणारे, लावणारे चोवीस होते. दुकान तेच, फक्त दार दुसरं.

सगळ्यात जास्त त्रास द्यायचे ते साडू. प्रत्येक घराण्यात असा एक साडू असतोच. "मी एका दिवसात सोडली. बंडल कचऱ्यात टाकलं, आजतागायत हात लावला नाही. मनावर घ्यावं लागतं!" हे ते लग्नात सांगत, बारशाला सांगत, तात्यांच्या पानात श्रीखंड वाढताना सांगत. त्यांची बिडी तेव्हा जेवणानंतरची असे, दिवसाला दोन. हे मात्र ते सांगत नसत आणि कुणी विचारतही नसे. तात्यांचं बंडल रोज संपायचं आणि दुसरं फोडलं जायचं. दोघांनीही 'बिडी सोडली' म्हणायचं आणि दोघांना एकाच तराजूत तोलायचं, हा साडूंवर अन्याय नव्हता, पण तात्यांवर होता.

घरात तात्यांना न बोलणारं माणूस एकच: त्यांची आई, जिजी. जिजीचं आयुष्य सिन्नरला बिड्या वळण्यात गेलं. सिन्नर हे बिडीचं गाव. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ज्या बी.वाय.के. कॉलेजात तात्यांची धाकटी कॉमर्स शिकत होती, ते ज्या भिकुसा यमासा क्षत्रियांच्या नावाचं, ते सिन्नरच्या बिडीधंद्यातलंच मोठं नाव. आजीचे हात बिड्या वळून काळे पडले आणि नात बिडीवाल्यांच्या नावाच्या कॉलेजात हिशेब शिकली. या जिल्ह्यात अशा गाठी पुष्कळ घरांत सापडतील.

जिजी स्वतः रोज पहाटे मिश्री लावायची. मला वाटतं, ती पोराला बोलत नसे त्याचं खरं कारण हे असावं. मायेपेक्षा प्रामाणिकपणा.

धाकटीनेच एक दिवस वडिलांना स्कूटरवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी एक समुपदेशक बाई बसत. तात्या भाषणाच्या तयारीने गेले होते: फुप्फुसाचं चित्र, कॅन्सरचं नाव, संसाराची आठवण. बाईंनी यातलं काहीच काढलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "झोपेतून उठल्यावर पहिली बिडी किती वेळानं?"

"वेळानं कुठली? पाय जमिनीला लागायच्या आत म्हणा."

"एवढी घाई का?"

तात्या धाकटीकडे बघून कानकोंडे झाले. "त्याशिवाय पोट साफ होत नाही, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या टेबलासमोर दिवसातून चारजण हेच सांगत. आणि ते खोटंही नसतं; निकोटीन आतड्यांना हलवतं, बिडी बंद केली की कित्येकांना बद्धकोष्ठ होतो. नेमकं याच दगडाला अडखळून पहिल्याच सकाळी पुष्कळांची प्रतिज्ञा पडते आणि लाजेपायी कुणी ते कारण म्हणून सांगत नाही. पहाटेची शपथ संडासाच्या दारात मोडली, हे कोण सांगणार?

मग बाईंनी तात्यांना जे समजावलं ते असं. बिडीचा झुरका घेतला की निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. सुईनं शिरेत टोचलेलं औषधही याहून लवकर जात नाही. मेंदूतल्या पेशींवर ते जाऊन बसण्याच्या जागा असतात. तिथे ते बसलं की डोपामीन सुटतं आणि माणसाला बरं वाटतं. रोज वर्षानुवर्षं निकोटीन येत राहिलं की मेंदू या जागा वाढवतो. आता पहिल्यापेक्षा जास्त जागा, आणि सगळ्या मागणी करणाऱ्या. दर दोन तासांनी रक्तातलं निकोटीन निम्मं होतं. रात्रभर झोपेत ते उतरत जातं, म्हणून पहाटे डोळे उघडतात तेच तगमग घेऊन. उठल्याबरोबर पेटवणारा माणूस म्हणजे जास्त गुंतलेला माणूस. जेवणानंतर दोन ओढणारे साडू कमी गुंतलेले.

"म्हणजे बिडीनं माझं टेन्शन जातं ते?" तात्यांनी विचारलं.

"मागच्या बिडीनं दिलेलं टेन्शन पुढची बिडी घेते."

तात्यांनी हे वाक्य घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुणाच्याही मदतीशिवाय, नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्यांपैकी सहा महिने, वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. हा आकडा ऐकून माणूस खचेल असं आपल्याला वाटतं. तात्यांचं उलट झालं. इतकी वर्षं ते स्वतःला नालायक समजत होते. आता कळलं की नापासांच्या त्या वर्गात शंभरातले पंच्याण्णव बसलेत. त्या दिवशी स्कूटरवर मागे बसलेल्या बापाची पाठ जरा ताठ होती, असं धाकटी नंतर सांगत असे.

दवाखान्यातून निकोटीनचा च्युइंगगम मिळाला, चार मिलिग्रॅमचा, कारण पहिली बिडी उठल्या उठल्या. तात्यांनी तो पहिल्या दिवशी पोरांच्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावला, आणि उचक्यांनी हैराण झाले. तो तसा चावायचा नसतो. हळूहळू चावायचा, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. वर लगेच चहा घ्यायचा नाही, निकोटीन नीट शोषलं जात नाही. चहाचीही एक गंमत आहे. बिडीच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून भराभर जातं. बिडी सुटली की तेच कॅफीन रेंगाळतं. म्हणजे नेहमीचा पाच कप चहा सात-आठ कपांसारखा अंगावर येतो. हात थरथरतात, झोप उडते. माणूस म्हणतो, बघा, बिडी सोडल्यापासून तब्येत बिघडली! तात्यांचा चहा निम्मा झाला.

पहिले तीन दिवस वाईट गेले. त्या तीन दिवसांत काकू दोनदा माहेरी जाण्याच्या गोष्टी बोलल्या आणि तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक जॉब खराब केला. मग तगमग उतरू लागली. भूक वाढली. रात्री झोप लागू लागली. आणि तेव्हा तात्यांना नवीनच गोष्ट दिसली. गममुळे अंगाची मागणी भागत होती, तरी काही ठराविक वेळा त्यांना जागच्या जागी उभं राहू देत नव्हत्या. पहाटे गच्चीवरची दहा मिनिटं. नऊच्या चहाला गेटबाहेरची टपरी. २ ऑक्टोबर २००८ पासून कारखान्यात धूम्रपानाला बंदी, म्हणून सगळे ओढणारे गेटबाहेर एका पत्र्याखाली उभे राहत. सुट्या बिडी-सिगारेटींची विक्री राज्यात २०२० साली बंद झाली, असं म्हणतात. टपरीवाल्याच्या कानावर ते अजून आलेलं नसावं. तिथे काडी एकाची, बिडी दुसऱ्याची, गोष्टी सगळ्यांच्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचा ओव्हरटाइम अडला, फोरमन कुणावर खार खाऊन आहे, सगळं तिथे कळायचं. तात्यांनी बिडी सोडली, तशी त्यांची ती पंगतही सुटली. मशीनजवळ एकट्याने डबा उघडून बसायचं. त्या दहा मिनिटांत करायचं काय?

जिजीला हे बरोबर कळलं. कारण तिचंही एकदा झालं होतं.

जिजीनं मांडीवर सूप घेऊन चाळीसेक वर्षं बिड्या वळल्या. रात्री पानं भिजत घालायची. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची. पानावर तंबाखूची चिमूट, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातलं हे तेंदूचं पान फार हट्टी. त्यातून हवा जात नाही. त्यामुळे बिडी हातात धरून ठेवली की विझते. पेटती ठेवायची तर झुरक्यावर झुरका घ्यावा लागतो. "शिग्रेट नुसती जळती रं," जिजी म्हणे, "बिडी तुला कामाला लावती."

मग काम कमी होत गेलं, गुडघे गेले, आणि पोरानं तिला नाशकाला आणलं. आल्यावर चार-सहा महिने ती कुणाशी धड बोलली नाही. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. (वळणाऱ्यांच्या अंगात तंबाखूची धूळ श्वासातून आणि कातडीतून जातच असते, तिच्या चिडचिडीत तीही असेल.) दुपारी एकच्या सुमाराला तिची बोटं आपोआप हलायची. झोपेतही हलायची. काकूंना वाटलं, म्हातारीला कंपवात झाला.

"तवा शेजारच्या बाईनं मला कापूस आणून दिला," जिजी तात्यांना म्हणाली. "म्हनली, वाती वळ. पयल्या वाती बिडीसारख्या जाड झाल्या. पर बोटं गप बसली. तू बिडी सोडलीस, बाबा, पर तिची येळ तशीच उघडी ठिवलीस. त्या येळेला काय द्येतोस?"

तात्यांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जिजीनं त्यांच्या हातात कापसाचा पेळू ठेवला. टाकीमागच्या त्याच कोपऱ्यात, जिथे इतकी वर्षं चोरून धूर सोडला, तिथे तात्या आता चोरून वाती वळू लागले. बिडी ओढताना कुणी बघेल याची जेवढी भीती नव्हती, तेवढी याची वाटे. आणि पहाटे कोमट पाणी पिऊन गच्चीवर फेऱ्या मारायला सुरुवात केल्यावर पोटाचाही प्रश्न आठवड्याभरात मिटला. नऊच्या चहाचं त्यांना काही सुचत नव्हतं. शेवटी ते गेटमधून बाहेर पडून डावीकडे टपरीकडे जाण्याऐवजी उजवीकडे, एका लिंबाखालच्या चहावाल्याकडे जाऊ लागले. पहिले काही दिवस एकटे. मग एक वेल्डर आला. त्याला बिडी नव्हती सोडायची, पण तात्यांच्या गोष्टी हव्या होत्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर साडूंनाही आवडली असती.

पण तीन महिन्यांनी तात्यांचा चुलतभाऊ वारला. दहाव्याला रामकुंडावर सगळं भाऊबंद जमलं. पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढत होतं, जो तो मेलेल्याची अपुरी राहिलेली इच्छा आठवत होता. अशात कुणीतरी, अगदी प्रेमानं, पेटवलेली बिडी तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती घेतली. अंगाला तेव्हा निकोटीन नको होतं; मेंदूतल्या वाढलेल्या जागा बिडी सोडल्यानंतर काही आठवड्यांत पूर्ववत होतात, गमही जवळजवळ सुटला होता. पण आठवण तिथेच होती. भाऊबंद, घाट, ऊन, रिकामा हात, आणि बिडीचा वास. कावळा शिवला तोवर दोन झाल्या होत्या.

दोन बिड्यांनी काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते घरी येताना. तात्यांनी वाटेत उतरून बडीशेप घेतली.

म्हणजे जुनं सगळं एका बडीशेपेबरोबर परत आलं. संपलंच आता, आपण तसलेच, असं म्हणून त्यांनी रविवार कारंजावर अख्खं बंडल घेतलं. पुढचे पाच दिवस टाकीमागे पुन्हा धूर. पेळू तसाच पडून. सहाव्या दिवशी पहाटे जिजी गुडघे धरत, एकेक पायरी बसत, गच्चीवर आली. तात्यांनी बिडी पाठीमागे लपवली. पन्नाशी उलटलेला माणूस, आईसमोर.

"कितवी?" जिजीनं विचारलं.

"जिजी, माझ्यानं होत नाही. मी शब्द मोडला."

"शब्द कुणी मागितलाय तुला? कितवी, त्ये सांग."

"दुसरी. आजची."

जिजी टाकीला टेकून बसली. दम लागला होता, तो जाईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "कारखान्यात माल द्यायला जायची ना मी, तिथं तपासनीस बसायचा. हजार बिड्या न्याव्या, त्यातल्या पन्नास-साठ तो छाट म्हनून काढायचा. ही सैल, ही वाकडी, हिचं टोक उघडं. त्येचे पैसे नाहीत. पान माझं गेलं, तंबाखू गेली, मान मोडून बसले ती येळ गेली. रडू यायचं. पर मला येक सांग, छाट निघाली म्हनून मी बाकीच्या साडेनऊशे तिथंच फेकून आले का? सूप मोडून चुलीत घातलं का? येवढ्यांची मजुरी घेतली अन् उरलेल्या दुसऱ्या दिशी वळल्या."

तात्या गप्प.

"तीन म्हैने तू चांगला माल दिला. दोन छाट निघाल्या घाटावर. त्येच्यापायी तू सगळा माल गोदावरीत बुडवाय निघालास. तपासनीस बरा व्हता की रं तुझ्यापरीस!"

तात्यांनी हातातली बिडी विझवली. खरं म्हणजे ती पाठीमागे धरून ठेवल्यामुळे केव्हाच विझली होती.

त्या सकाळी त्यांनी बडीशेप खाल्ली नाही. खाली येऊन काकूंना सांगितलं, पाच दिवस झाले, पुन्हा ओढतोय. काकूंनी कपाळाला हात लावला, पण चहा ठेवला, निम्माच. कामावर जाण्याआधी ते दवाखान्यात गेले आणि बाईंनाही सांगितलं. बाईंनी नव्या कागदावर तारीख घातली आणि विचारलं, "कुठे घेतलीत? कुणाबरोबर? हातात काय नव्हतं तेव्हा?" कुणी रागावलं नाही. पुढच्या वर्षभरात आणखी दोनदा घसरले. एकदा लग्नात, एकदा विनाकारण. दोन्ही वेळा त्याच दिवशी घरी सांगून टाकलं, आणि दोन्ही वेळा बंडल विकत घेण्यापर्यंत गोष्ट गेली नाही. शपथ मात्र पुन्हा कधी घेतली नाही. ३१ डिसेंबरला काकूंना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

जिजीची मिश्री? ती चालूच आहे. नातीनं विषय काढला तर म्हणते, "माझी पयली पाय जमिनीला लागायच्या आत असती, लिहून घे." नात लिहून घेते. कधीतरी स्कूटरवर मागे जिजी बसेल, अशी तिला आशा आहे. मला तितकीशी नाही.

३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन. कारखान्यात सेफ्टी ऑफिसरनं कार्यक्रम ठेवला होता. मागे बॅनर, टेबलावर नारळ, रजिस्टर, आणि छापील प्रतिज्ञा: सगळ्यांनी उजवा हात पुढे करून म्हणायची आणि खाली सही करायची. प्रतिज्ञा सांगायला तात्यांना बोलावलं, कारण सातपुरात आता त्यांचं नाव झालं होतं. तात्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"हात पुढे नका करू," ते म्हणाले. "ज्यांनी सोडली होती आणि पुन्हा सुरू झालीय, त्यांनी नुसता वर करा."

कुणी हलेना. मग लिंबाखाली येणाऱ्या वेल्डरनं, ज्याला सोडायचीच नव्हती असं सगळ्यांना वाटत होतं, हात वर केला. त्याच्या मागे पेंटशॉपमधले दोघे. मग स्टोअरकीपर. मग भराभर, मोजता येऊ नयेत इतके. शेवटी रजिस्टर धरून उभ्या असलेल्या सेफ्टी ऑफिसरनं इकडे-तिकडे बघून कोपरातून हात उचलला.

"उद्या नऊ वाजता," तात्या म्हणाले, "गेटमधून उजवीकडे. येताना आजची कितवी ते सांगायचं, बाकी काही नाही."

"पण तात्या," सेफ्टी ऑफिसर हळूच म्हणाले, "वर रिपोर्ट पाठवायचाय. प्रतिज्ञा घेतली नाही, तर त्यात लिहू काय?"

"लिहा, चहाची टपरी बदलली."